जुन्या गाडीले कोन नेते? कुलूप, चावी आणि मागं राहिलेल्या गाड्यांचा इतिहास

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग गाडीचोरीवर आहे. म्हणजे खरं तर कुलपाच्या इतिहासावर आहे, पण तो इतिहास तुमच्या घरासमोर उभ्या असलेल्या जुन्या गाडीपाशी येऊन थांबतो, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

"आपल्या खटाऱ्याले कोन नेते बावा?" धामणगाव रेल्वेत हे वाक्य कोणत्याही गल्लीत ऐकायला मिळतं. पंधरा वर्षांची ओम्नी, रंग उडालेली बोलेरो, शेतात जायला ठेवलेली मारुती ८००. रात्री रस्त्यालाच उभी, कारण घर बांधलं तेव्हा चारचाकीचा विचारच नव्हता. काच चार बोटं खाली राहिली तरी कुणी उठून बघत नाही. मनातला हिशोब पक्का असतो: चोर नेईल तर शेजारची नवीकोरी नेईल, आपली कशाला नेईल?

हा हिशोब चुकतो, आणि तो का चुकतो हे साठ वर्षांच्या इतिहासात स्पष्ट दिसतं. चोर गाडीची किंमत नंतर बघतो, आधी तिचं कुलूप बघतो. जगात जेव्हा जेव्हा गाडीचं कुलूप सुधारलं, तेव्हा ते आधी नव्या गाडीला लागलं. मग चोर जुनीकडे वळला.

सुरुवातीपासून बघू. मोटारीच्या पहिल्या काही दशकांत चावीचं काम फक्त वीज चालू करण्याचं होतं. इंजिन सुरू करायला वेगळं बटण किंवा पायाखालचा खटका असायचा. १९४९ मध्ये अमेरिकेत क्रायसलर कंपनीनं चावी फिरवली की इंजिन सुरू होईल अशी सोय आणली आणि तीच पद्धत पुढं जगभर रुळली. पण सोय वाढली म्हणजे सुरक्षा वाढली असं नाही. चावी म्हणजे शेवटी एक विजेचा स्विच. पितळेचा किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला, खाचा जुळल्या, दोन तारा जोडल्या गेल्या, संपलं. गाडी ओळखत होती ती त्या तुकड्याला. तो कुणाच्या हातात आहे, हे तिला कळायचा प्रश्नच नव्हता.

यावर पहिला मोठा उपाय आला तो स्टिअरिंग लॉकचा. चावी काढली की स्टिअरिंग अडकतं, इंजिन कसंबसं सुरू केलं तरी गाडी वळत नाही. आता या ठिकाणी दोन देशांची गोष्ट समोरासमोर ठेवतो, कारण आजच्या भागाचा गाभा तिथंच आहे.

पश्चिम जर्मनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं. नव्या गाड्यांना तर केलंच, पण जुन्या गाड्यांनाही मुदत देऊन बसवायला लावलं. मालक कुरकुरले असतील, खर्च झाला असेल. पण १९६३ च्या आसपास रस्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना लॉक होतं. गाडीचोऱ्या झपाट्यानं खाली आल्या आणि पुढची बरीच वर्षं खालीच राहिल्या.

ब्रिटननं तोच नियम १९७१ मध्ये आणला, पण फक्त नव्या गाड्यांसाठी. जुन्यांना कशाला त्रास, हळूहळू त्या भंगारात जातीलच, असा साधा विचार. नंतर तिथल्या गृहखात्याच्या संशोधकांनी लंडनचे आकडे तपासले. १९६९ मध्ये नेल्या जाणाऱ्या गाड्यांत नव्या गाड्यांचा वाटा सुमारे २१ टक्के होता. १९७३ मध्ये तो ५ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे लॉक कामाचं होतं. पण एकूण चोऱ्या काही कमी झाल्या नाहीत. चोर तेवढेच राहिले, त्यांनी फक्त दार बदललं. नव्या गाडीवाल्याचा धोका उचलून जुन्या गाडीवाल्याच्या दारात ठेवला गेला.

कुलूप तेच, पण एका ठिकाणी चोरी कमी झाली आणि दुसऱ्या ठिकाणी ती फक्त सरकली. फरक एवढाच की जर्मनीनं जुन्या गाड्यांना मागं सोडलं नाही.

पुढचा टप्पा माझ्या आवडीचा, कारण इथून गाडीत पासवर्ड आला. १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीत जनरल मोटर्सनं चावीच्या धातूत एक छोटा रेझिस्टर बसवला. गाडी त्याचा विद्युत रोध मोजायची, आकडा जुळला तरच सुरू व्हायची. पण असे आकडे एकूण पंधराच होते. पंधराच शक्यता असलेला पासवर्ड किती दिवस टिकणार! तरी कल्पना महत्त्वाची होती: चावीचा नुसता आकार पुरेसा नाही, तिनं ओळख पटवली पाहिजे.

१९९० च्या दशकात ही कल्पना पक्की झाली. त्याला इमोबिलायझर म्हणतात. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. चावीच्या भोकाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते चिपला जवळून ऊर्जा देतं आणि एक प्रश्न विचारतं. चिप आपल्याजवळच्या गुप्त आकड्यावरून उत्तर काढते. उत्तर बरोबर आलं तरच इंजिनाचा कॉम्प्युटर इंधन सोडतो. प्रश्न दर वेळी वेगळा, त्यामुळं कालचं उत्तर आज चालत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात लॉगिन सुरक्षित करायला हीच युक्ती वापरतात. म्हणजे हुबेहूब तशीच दुसरी चावी घासून आणली तरी ती दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही.

युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. कॅनडानं २००७ मध्ये तेच केलं. नेदरलँड्समधल्या व्हान अवर्स आणि फोलार्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ चा काळ तपासला. त्यांच्या अंदाजानं या उपकरणामुळं तिथल्या गाडीचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांनी कमी झाल्या. हा आकडा काढताना, चिप नसलेल्या गाड्यांकडे जो धोका सरकला तोही त्यांनी हिशोबात धरला होता. म्हणजे फायदा खरा होता, आणि सरकणंही खरं होतं.

आता कुणी म्हणेल, वयाचा प्रश्न असेल, चिपचा नसेल. त्याचं उत्तर अमेरिकेनं दिलं. तिथं इमोबिलायझरची सक्ती नव्हती. त्यामुळं २०११ ते २०२१ या काळातल्या ह्युंदाई आणि किया यांच्या चावी फिरवून सुरू होणाऱ्या अनेक गाड्या चिपशिवाय विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये सोशल मीडियावर त्याचे व्हिडिओ फिरले आणि पोरासोरांनी त्या गाड्या पळवायचा सपाटा लावला. शेवटी २०२३ मध्ये कंपन्यांना मोफत सॉफ्टवेअर अपडेट द्यावं लागलं आणि लोकांना वाटायला लोखंडी स्टिअरिंग लॉक पोलिसांकडे पोचवावे लागले. शेजारच्या कॅनडात त्याच कंपन्यांच्या गाड्यांना चिप होती, कारण कायदा होता. तेव्हा प्रश्न वयाचा नाही, कुलपाचा आहे. आपल्याकडं मात्र जुनं वय आणि कमजोर कुलूप बहुतेक एकाच गाडीत सापडतात.

असं का झालं, त्यालाही इतिहास आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तेव्हाच्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात कॉम्प्युटरच नव्हता, मग ओळख विचारणार कोण? जुन्या डिझेल जीपांचं तर आणखी वेगळं. डिझेल इंजिनाला ठिणगीच लागत नाही. यांत्रिक पंप असेल तर इंजिन एकदा फिरलं की चालत राहतं. प्रश्न विचारणारा मेंदू गाडीत आला तो इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनबरोबर, आणि ते आणलं प्रामुख्यानं प्रदूषणाच्या नियमांनी. सुरक्षा ही त्या नियमांच्या पाठीवर बसून आली.

आणि हे नियम सगळीकडं एकाच दिवशी आले नाहीत. १ एप्रिल २०१० ला भारत स्टेज ४ लागू झाला तो आधी १३ शहरांत. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि सोलापूर. त्या पहिल्या यादीत विदर्भातलं एकही शहर नव्हतं. आपल्याला तेव्हा भारत स्टेज ३ मिळाला. देशभर स्टेज ४ यायला एप्रिल २०१७ उजाडलं. नियम धुराचा होता, कुलपाचा नव्हता. पण जुन्या धाटणीची इंजिनं आपल्या भागात जास्त काळ नवी म्हणून विकली गेली, हा त्याचा परिणाम. ब्रिटननं गाड्यांत नवं-जुनं केलं होतं, आपल्याकडं ते शहर आणि तालुका असंही झालं.

बरं, जुनी गाडी नेऊन चोर करतो काय? दोन बाजार आहेत. एक सुट्या भागांचा. जुन्या मॉडेलचे भाग जितके कमी मिळतात आणि रस्त्यावर गाड्या जितक्या जास्त, तितकी वापरलेल्या भागांना मागणी. मेरठचं सोतीगंज हे याचं देशातलं सगळ्यात बदनाम नाव. चोरीच्या गाड्या तिथं सुट्या व्हायच्या, ते मार्केट पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये बंद केलं. गाडीचे तुकडे झाले की तुमची गाडी म्हणून काही उरतच नाही. इंजिन एकीकडं, गिअरबॉक्स दुसरीकडं, दारं तिसरीकडं.

दुसरा बाजार कागदांचा. अपघातात चेंदामेंदा झालेली किंवा भंगारात विकलेली गाडी, पण तिचं आरसी बुक जिवंत. चोर त्याच मॉडेलची गाडी उचलतो आणि मेलेल्या गाडीचा नंबर तिला चढवतो. म्हणूनच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २०२१ पासून नोंदणीकृत भंगार केंद्रांची सोय आहे, तिथं गाडी दिली की प्रमाणपत्र मिळतं आणि नोंदणी रद्द होते. आपण मात्र भंगारवाल्याकडून रोख मोजून घेतो आणि आरसी बुकही त्याच्याच हातात देतो. तो कागद दुसऱ्या कुणाची तरी गाडी गिळायला तयार असतो.

आता यात आपलं पणाला काय लागलेलं असतं ते बोलू. नवी गाडी चोरीला गेली तर दुःख होतं, पण बहुतेक वेळा तिचा पूर्ण विमा असतो. जुन्या गाडीचा बहुधा थर्ड पार्टी असतो, कारण कायद्यानं तेवढाच सक्तीचा आहे. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. तुमची गाडी गेली तर एक रुपया मिळत नाही. म्हणजे ज्याच्या गाडीला कुलूप सगळ्यात कमजोर, त्याच्याच मागं विमाही नाही. त्याच गाडीत कापूस विकून आलेला पैसा घरी येतो, रात्री-बेरात्री म्हाताऱ्याला अमरावतीला दवाखान्यात नेलं जातं, पोरीला कॉलेजच्या परीक्षेला सोडलं जातं. बाजारात तिची किंमत दीड लाख असेल, पण ती गेली की तिच्याबरोबर घरातली ही सगळी सोयही जाते.

धामणगावची जागाही बघा. रेल्वेची मुख्य लाईन गावातून, वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, दुसऱ्या दिशेला यवतमाळ जिल्हा, आणि डिसेंबर २०२२ पासून तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग. आपल्यासाठी हे सगळं सोयीचं. पण सकाळी सहाला उठून "गाडी कुठं गेली?" विचारेपर्यंत ती दोन जिल्हे पार करून गेलेली असू शकते. म्हणून चोरी झाल्यावरच्या तपासापेक्षा ती होऊ न देणं स्वस्त पडतं.

सरकारनं काय केलं? उच्च सुरक्षा नंबरप्लेट. नियमात ती २००१ मध्येच आली. पण देशभर नव्या गाड्यांना कारखान्यातूनच बसून यायला लागली १ एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात सक्तीची मोहीम आली ती अगदी अलीकडं, आणि २०२५ मध्ये तिची मुदत पुन्हा पुन्हा वाढली. क्रम ओळखीचा वाटतो ना? आधी नवी, मग जुनी. तरी जुन्यांना बसवायला लावलं हे जर्मनीच्या वाटेवरचं पाऊल आहे, आणि रांगेला कंटाळून ते टाळू नये. त्या प्लेटवर लेझरनं कोरलेला क्रमांक असतो, एकदाच बसणारं लॉक असतं, काढली तर तुटते. गाडीला दुसऱ्याचा नंबर चढवणं त्यानं अवघड होतं. पण प्लेट गाडीला जागेवरून हलण्यापासून अडवत नाही. ते काम आपलं आपल्यालाच करावं लागणार.

तर करायचं काय? चोराला दोनच गोष्टी नको असतात, वेळ आणि आवाज. आपण त्याचा वेळ वाढवायचा.

पहिलं, चावीचं कुलूप तपासा. गाडी चालू असताना चावी बाहेर निघते का? दुसरीच चावी फिरते का? तसं असेल तर आतल्या पट्ट्या झिजल्या आहेत, पूर्ण कुलूप बदलून घ्या. वीस वर्षं झिजलेलं कुलूप हे कुलूप राहत नाही.

दुसरं, डोळ्याला दिसणारं लॉक. स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा किंवा गिअर लॉक. हजार-दोन हजारांचं काम. ते अभेद्य नाही, पण काचेतून ते दिसलं की चोराचा हिशोब बदलतो. जर्मनीनं कायद्यानं जे केलं ते तुम्ही दुकानातून विकत घेताय, असं समजा.

तिसरं, डोळ्याला न दिसणारा स्विच. बॅटरीचा कट-ऑफ पेट्रोल गाडीला छान. यांत्रिक पंपाच्या डिझेल गाडीला तेवढा पुरत नाही, ती ढकलून किंवा ओढूनही सुरू होऊ शकते. तिथं इंधन बंद करणारा वॉल्व्ह मिस्त्रीकडून वेगळ्या स्विचवर घ्या. काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करा, योग्य जाडीची वायर आणि फ्यूज लावून. आणि चालत्या गाडीत चुकून हात लागून बंद पडेल अशा जागी स्विच नको. चोरी वाचवायला जाऊन अपघात ओढवून घेऊ नका.

चौथं, जीपीएस. छोटं यंत्र आत लपवून बसतं, त्याला स्वतःची छोटी बॅटरी असलेलं घ्या. त्यातल्या सिमचं रिचार्ज संपलं की ते नुसतं प्लास्टिक, हे लक्षात असू द्या. शिवाय फास्टॅग तुमच्याच मोबाईल नंबरला जोडलेला आहे का बघा. जुनी घेतलेली गाडी असेल तर टोलचा मेसेज अजूनही आधीच्या मालकाला जात असतो. चोरीच्या रात्री तो एक मेसेज लाखाचा ठरू शकतो.

पाचवं, कागद. चेसिस नंबर, इंजिन नंबर, गाडीवरच्या खुणा यांचे फोटो फोनमध्ये ठेवा. गाडीचा नंबर सगळ्या काचांवर कोरून घ्या, म्हणजे सुटे भाग विकणाऱ्यालाही काचा बदलाव्या लागतील. मूळ आरसी गाडीत ठेवू नका. विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याशिवाय व्यवहार संपला असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक. जुनी घेताना परिवहनच्या नोंदी आणि एनसीआरबीची चोरीच्या वाहनांची माहिती, दोन्ही तपासा.

सहावं, विमा. गाडीची घोषित किंमत कमी असेल तर पूर्ण विम्याचा हप्ताही वाटतो तेवढा मोठा नसतो, एकदा विचारून तरी बघा. दोन्ही चाव्या जपा, दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मागते. आणि गाडी गेलीच तर आधी ११२ ला फोन, लगेच एफआयआर, त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी. २०२० मध्ये एका ट्रॅक्टरचोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एफआयआर लगेच केलेला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही. पण यातला आधार एफआयआर आहे. "दोन दिवस शोधून पाहू" या नादात तोच सुटतो.

शेवटचं एक, आणि ते थोडं अडचणीचं आहे. लंडनचा धडा आपल्यालाही लागू होतो. गल्लीत एकट्यानंच लॉक लावलं तर चोर शेजारच्या गाडीकडं जाईल. म्हणून हे काम जर्मनीसारखं करायचं. गल्लीतल्या आठ-दहा गाडीवाल्यांनी मिळून एकाच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवायचा, सगळ्या गाड्यांची कुलपं तपासायची, एक दिवा आणि एक कॅमेरा रस्त्याकडं तोंड करून बसवायचा. एकत्र गेलात तर दरही कमी लागेल. कायदा जुन्या गाडीपर्यंत यायला वीस-वीस वर्षं लावतो, मिस्त्री रविवारीसुद्धा येतो.

हा भाग तुमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या गाडीच्या मालकाला ऐकवा. आणि त्याआधी उठून एकदा बाहेर बघून या, काच खाली तर नाही ना. भेटू पुढच्या भागात.